रुग्णवाहिकेचे बिल कोणी भरायचे? अमेरिकी राज्यांच्या कायद्यांचा इतिहास

१/
१ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेत 'नो सरप्रायझेस ॲक्ट' हा संघीय कायदा अमलात आला. विमा असूनही रुग्णाच्या हाती अनपेक्षितपणे पडणाऱ्या अवाढव्य बिलांना आळा घालणे, हा त्याचा हेतू. या कायद्याने हेलिकॉप्टरमधून रुग्णालयात नेलेल्या रुग्णाला संरक्षण दिले. रस्त्यावरून धावणाऱ्या साध्या रुग्णवाहिकेतून नेलेल्या रुग्णाला मात्र दिले नाही. हा विचित्र प्रकार कसा घडला आणि ती उणीव घटक राज्ये कशी भरून काढत आहेत, याविषयीचा हा धागा. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी प्रश्न समजून घेऊ. विमा कंपनी आणि रुग्णवाहिका सेवा यांच्यात दराचा करार असेल, तर ती सेवा 'नेटवर्कमधली'. करार नसेल, तर कंपनी स्वतःला रास्त वाटेल तेवढीच रक्कम देते. समजा, बिल १,५०० डॉलरचे आहे आणि कंपनीने ६०० दिले. उरलेले ९०० डॉलर सेवा देणारी संस्था थेट रुग्णाकडून मागते. यालाच 'बॅलन्स बिलिंग' म्हणतात. ९११ ला फोन करणारा माणूस कोणती गाडी येणार हे ठरवू शकत नाही आणि बेशुद्ध माणसाला तर विचारण्याचाही प्रश्न येत नाही. म्हणूनच हे बिल अन्यायाचे वाटते.

३/
रुग्णवाहिकेचा उगम रणांगणावरचा. फ्रेंच शल्यचिकित्सक दोमिनिक लारी याने अठराव्या शतकाच्या अखेरीस जखमी सैनिकांना उचलून आणणाऱ्या वेगवान घोडागाड्या उभ्या केल्या. अमेरिकी यादवी युद्धात जोनाथन लेटरमन याने १८६२ मध्ये पोटोमॅक सेनेसाठी शिस्तबद्ध रुग्णवाहिका दल घडवले आणि १८६४ मध्ये काँग्रेसने ती पद्धत कायद्याने साऱ्या सेनेला लागू केली. इथे बिलाचा प्रश्नच नव्हता. सैनिक सरकारचा, गाडीही सरकारची.

४/
युद्ध संपल्यावर ही कल्पना शहरांत आली. १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाने घोड्यांच्या रुग्णवाहिका सुरू केल्या. त्यामागे एडवर्ड डाल्टन हा यादवी युद्धात काम केलेला डॉक्टर होता. गाडीसोबत डॉक्टर जात असे. म्हणजे रुग्णवाहिका हा रुग्णालयाचाच एक लांब केलेला हात होता. पुढच्या काळात हा दुवा निसटत गेला. दुसऱ्या महायुद्धात डॉक्टर सैन्यात गेले, रुग्णालयांना मनुष्यबळ पुरेना आणि अनेक गावांत हे काम दुसऱ्याच कोणाकडे गेले.

५/
ते दुसरे कोण? अंत्यविधीची दुकाने चालवणारे! कारण साधे होते: माणसाला आडवे निजवून नेता येईल अशी लांबलचक गाडी गावात त्यांच्याचकडे असे. १९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा अशा १२,००० व्यावसायिकांकडून दिली जात होती. तीच गाडी सकाळी शववाहिका आणि दुपारी रुग्णवाहिका. चालकाला प्रथमोपचाराचे प्रशिक्षण असेलच असे नव्हते. आकार बहुधा माफक असे; खरी मिळकत अंत्यविधीच्या कामातून होई.

६/
सप्टेंबर १९६६ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यू व अपंगत्व या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. आपत्कालीन वैद्यकसेवेच्या इतिहासात तो 'श्वेतपत्रिका' म्हणूनच ओळखला जातो. वरचा १२,००० चा आकडा त्यातलाच. १९६५ या एका वर्षात अपघातांनी १,०७,००० अमेरिकी माणसे दगावली, त्यांपैकी ४९,००० वाहन अपघातांत, असे त्याने नोंदवले. युद्धात जखमी सैनिकाला जी तत्पर मदत मिळते, तिच्या तुलनेत शहराच्या रस्त्यावर पडलेला नागरिक किती उपेक्षित आहे, हेही त्याने दाखवून दिले.

७/
त्याच महिन्यात अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 'हायवे सेफ्टी ॲक्ट'वर स्वाक्षरी केली. राज्यांनी महामार्ग सुरक्षेचा कार्यक्रम आखावा, त्यात आपत्कालीन सेवाही असाव्यात, असे त्याने सुचवले आणि निधीचे प्रलोभनही दाखवले. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. रुग्णवाहिकेची जबाबदारी आरोग्य खात्याकडे गेली नाही, नव्या परिवहन खात्याकडे गेली. आजही या सेवेचे संघीय कार्यालय महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्याच छत्राखाली आहे. रुग्णवाहिका म्हणजे वाहन, ही समजूत शासनाच्या रचनेतच अशी रुजली.

८/
हीच समजूत पैशांच्या कायद्यात एक वर्ष आधीच शिरली होती. ३० जुलै १९६५ रोजी ज्येष्ठ नागरिकांसाठीची मेडिकेअर योजना संमत झाली. तिच्या कलमात रुग्णवाहिकेचा समावेश आहे. पण अट अशी, की रुग्णाच्या प्रकृतीमुळे अन्य कोणत्याही साधनाने प्रवास करणे धोक्याचे असले पाहिजे. थोडक्यात, पैसे मिळणार ते प्रवासाचे. गाडीत कोणते उपचार झाले, किंवा घरीच उपचार करून रुग्णाला वाचवले का, हे विचारण्याची सोयच त्या व्याख्येत नव्हती. खासगी विमा कंपन्यांनीही पुढे बहुतांशी हाच साचा उचलला.

९/
नेमक्या याच काळात रुग्णवाहिकेचे रूप पालटत होते. पिट्सबर्गमध्ये तोवर आजाऱ्यांना पोलिसांच्या गाडीतून न्यावे लागे. १९६७ मध्ये तिथल्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत 'फ्रीडम हाउस' ही सेवा उभी राहिली. कृत्रिम श्वसन व हृदयपुनरुज्जीवनाच्या तंत्राचे एक जनक डॉ. पीटर सफार यांनी वस्तीतल्या बेरोजगार कृष्णवर्णीय तरुणांना सखोल वैद्यकीय प्रशिक्षण दिले. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी त्यांचे नेतृत्व केले. आजच्या पॅरामेडिकची घडण इथे झाली.

१०/
१९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद पडले. त्यातले अनेक अनुभवी कर्मचारी नव्या व्यवस्थेत हळूहळू बाजूला सारले गेले. मात्र त्यांनी एक गोष्ट सिद्ध करून ठेवली होती: उपचाराला आरंभ रुग्णालयाच्या दारात होत नाही, तो रुग्णाच्या घरात होऊ शकतो. विमा कायद्यांची व्याख्या मात्र तिथपर्यंत पोहोचली नव्हती.

११/
राज्यांच्या कायद्यांचा प्रवेश इथे होतो. १९७० मध्ये कॅलिफोर्नियाने 'वेडवर्थ-टाउनसेंड पॅरामेडिक ॲक्ट' संमत केला. स्वाक्षरी राज्यपाल रोनाल्ड रेगन यांची. प्रशिक्षित पॅरामेडिकला रुग्णालयाबाहेर प्रगत उपचार करण्याची मुभा देणारा हा आरंभीचा कायदा. इतर राज्यांनी तोच मार्ग धरला. पात्रता, परवाने, गाडीतली उपकरणे यांचे नियम झाले. दर्जा उंचावला, तसा खर्चही वाढला. अंत्यविधीवाल्यांना हे झेपेना आणि ते या व्यवसायातून बाहेर पडत गेले. त्यांची जागा अग्निशमन दले, नगरपालिका, स्वयंसेवी पथके आणि खासगी कंपन्यांनी घेतली.

१२/
१९७३ मध्ये संघीय सरकारने मोठे पाऊल उचलले. पहिले विधेयक अध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवले. सुधारित विधेयकावर त्यांनी नोव्हेंबरमध्ये स्वाक्षरी केली. या 'ईएमएस सिस्टिम्स ॲक्ट'ने आदर्श व्यवस्थेचे १५ घटक सांगितले: मनुष्यबळ, प्रशिक्षण, संदेशवहन, वाहतूक, आपत्ती नियोजन आणि असेच इतर. ही यादी वाचताना एक उणीव डोळ्यांत भरते. अनुदान संपल्यावर या सेवेचा खर्च कोण चालवणार, हा घटक त्या पंधरांत नाही.

१३/
त्या उणिवेची किंमत आठ वर्षांनी कळली. १९८१ मध्ये रेगन, आता अध्यक्ष या नात्याने, सत्तेवर असताना अर्थसंकल्पीय कायद्याने हा स्वतंत्र निधी बंद केला आणि तो राज्यांना द्यायच्या एकत्रित आरोग्य अनुदानात मिसळून टाकला. वाटा कोणत्या कामाला द्यायचा, हे राज्यांनी ठरवायचे. रुग्णवाहिका उभ्या होत्या, अपेक्षा वाढलेल्या होत्या आणि आधार काढून घेतला गेला. मग उरले दोनच मार्ग: स्थानिक कर आणि रुग्णाचे बिल.

१४/
पोलीस आले म्हणून कोणी बिल पाठवत नाही. आग विझवली म्हणूनही सहसा नाही. रुग्णवाहिका मात्र या दोघांच्या पंक्तीला बसली नाही. पोलीस व अग्निशमन दलाप्रमाणे रुग्णवाहिका सेवेला 'अत्यावश्यक सेवा' असा कायदेशीर दर्जा देणारी राज्ये आजही थोडी आहेत. रात्रंदिवस गाडी आणि माणसे सज्ज ठेवण्याचा खर्च मोठा. पैसे मात्र रुग्ण प्रत्यक्ष वाहून नेला तरच. मेडिकेअर व गरिबांसाठीची मेडिकेड यांचे दर सरकार ठरवते. तिथली तूट भरून काढण्याचा दबाव खासगी विमाधारकांच्या बिलांवर येतो.

१५/
आता कायद्याची दुसरी बाजू: विम्यावर अधिकार कोणाचा? १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा हा आंतरराज्यीय व्यापार असल्याचे म्हटले, म्हणजे संघीय काँग्रेसला त्यात हात घालता येणार होता. काँग्रेसने १९४५ मध्ये 'मॅककॅरन-फर्ग्युसन ॲक्ट' करून विम्याचे नियमन राज्यांकडेच राहू दिले. म्हणून रुग्णवाहिकेचा खर्च विम्यात असावा की नाही, किती असावा, हे ५० राज्यांच्या ५० विधिमंडळांत ठरू लागले.

१६/
पण १९७४ मध्ये या अधिकाराला मोठे भगदाड पडले. 'एरिसा' हा कायदा मुळात कामगारांच्या निवृत्तिवेतनाच्या रक्षणासाठी. त्यातल्या एका तरतुदीचा परिणाम असा, की जो मालक विमा विकत न घेता कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च स्वतःच्या तिजोरीतून करतो, त्याच्या योजनेला राज्याचा विमा कायदा लागू होत नाही. आज नोकरीतून आरोग्य संरक्षण मिळणाऱ्या अमेरिकी कामगारांपैकी साठ टक्क्यांहून अधिक अशाच योजनांत आहेत. राज्याने कितीही उत्तम कायदा केला, तरी या बहुसंख्य लोकांपर्यंत तो पोहोचत नाही.

१७/
तरीही राज्यांनी काम केले. १९९० च्या दशकात विमा कंपन्या एक युक्ती वापरत. छातीत कळ आली म्हणून माणूस रुग्णालयात धावला आणि तपासणीत ते अपचन निघाले, तर 'ही आणीबाणी नव्हतीच' म्हणत दावा फेटाळायचा. मेरीलँडने सर्वप्रथम कायदा केला: कसोटी निदानाची नसावी, सामान्य समजुतीच्या माणसाला त्या क्षणी काय वाटले असते, याची असावी. हे तत्त्व १९९७ मध्ये मेडिकेअर व मेडिकेडच्या योजनांपर्यंत गेले आणि २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने खासगी विम्यातही आले. एका राज्याचा प्रयोग अशा रीतीने राष्ट्राचा नियम झाला.

१८/
न्यूयॉर्कने या शतकाच्या आरंभी थेट रुग्णवाहिकेचाच विषय हाती घेतला. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच्या आपत्कालीन सेवेचा खर्च विमा कंपन्यांनी दिला पाहिजे, असे त्याच्या विमा कायद्यात आले. सेवा देणाऱ्या संस्थेने रुग्णाकडून त्याच्या ठरलेल्या वाट्यापलीकडे काही मागू नये, हेही आले. करार नसेल तर कंपनीने प्रचलित दर द्यावा. मात्र तो अवाजवी नसावा. 'अवाजवी' म्हणजे किती, यावरची ओढाताण अर्थातच संपली नाही. परंतु भांडण दोन संस्थांमधले झाले आणि रुग्ण त्यातून बाजूला झाला.

१९/
हवाई रुग्णवाहिकेची गोष्ट याहून निराळी. १९७८ च्या विमान वाहतूक मुक्तीकरणाच्या कायद्याने विमान कंपन्यांच्या दरांवर राज्यांना नियंत्रण ठेवता येईना. हेतू होता प्रवासी तिकिटे स्वस्त व्हावीत हा. पण हवाई रुग्णवाहिकाही कायद्याच्या लेखी 'विमान कंपनी'च! नॉर्थ डकोटाने २०१५ व २०१७ मध्ये त्यांच्या बिलांना वेसण घालण्याचा प्रयत्न केला. न्यायालयांनी तो अडवला. राज्यांचे हात असे बांधलेले असल्यामुळे काँग्रेसलाच पुढे यावे लागले आणि २०२० च्या कायद्यात हेलिकॉप्टरचा समावेश झाला.

२०/
मग रस्त्यावरची रुग्णवाहिका का वगळली? कारण तिचे मालक. हवाई सेवा प्रामुख्याने मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हाती. रस्त्यावरची सेवा हजारो नगरपालिका, काउंटी, अग्निशमन दले व स्वयंसेवकांच्या हाती. दर अनेक ठिकाणी स्थानिक लोकनियुक्त मंडळे ठरवतात. वॉशिंग्टनने एक दर लादला, तर छोट्या गावातली एकमेव गाडी बंद पडेल, ही भीती होती. खर्चाची विश्वसनीय आकडेवारीही अपुरी होती. काँग्रेसने सल्लागार समिती नेमली आणि विषय पुढे ढकलला. समितीने नंतर शिफारशी केल्या: रुग्णाला संरक्षण द्या आणि सेवेला पुरेसा दर द्या.

२१/
तोवर राज्ये थांबली नाहीत. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये 'एबी ७१६' संमत केला. तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. विमाधारकाने नेटवर्कमधल्या सेवेइतकाच वाटा द्यायचा. उरलेले पैसे विमा कंपनीने स्थानिक शासनाने ठरवलेल्या दराने द्यायचे. विशेष म्हणजे ज्यांच्याकडे विमाच नाही, त्यांच्याकडून मेडिकेअर किंवा राज्याच्या मेडी-कॅल योजनेचा दर, यांपैकी जो जास्त असेल त्याहून अधिक मागता येणार नाही. विमा नसलेल्याचाही विचार अशा कायद्यात करता येतो, हे इथे दिसले.

२२/
त्याच वर्षी टेक्ससनेही कायदा केला. राजकारणात कॅलिफोर्नियाच्या दुसऱ्या टोकाचे राज्य, पण सूत्र जवळपास तेच: स्थानिक शासनाने दर ठरवला असेल तर तो द्यावा, नसेल तर प्रत्यक्ष बिल किंवा मेडिकेअरच्या दराच्या ३२५ टक्के, यांपैकी कमी असेल ते. कायद्याला मुदत घालून दिली, म्हणजे परिणाम पाहून विधिमंडळाला पुन्हा विचार करता यावा. पक्षभेद ओलांडणारा हा विषय आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

२३/
विरोधाची बाजूही समजून घ्यायला हवी. २०२५ मध्ये कोलोरॅडोच्या विधिमंडळाने असेच विधेयक संमत केले आणि राज्यपाल जॅरेड पोलिस यांनी ते फेटाळले. विमा कंपन्यांवर पडणारा भार शेवटी साऱ्यांच्या हप्त्यांत उतरेल, ही त्यांची हरकत. हरकत निराधार नाही. दर उंच ठरवला तर हप्ते वाढतात; खाली ठरवला तर खेड्यातली गाडी बंद पडते. एका रुग्णावर एका रात्रीत कोसळणारे ओझे सर्वांनी वर्षभर थोडेथोडे वाहायचे की नाही, हाच खरा निर्णय आहे.

२४/
आणि १९६५ च्या त्या व्याख्येचे काय? मेडिकेअरने २०२१ मध्ये 'ईटी३' नावाचा प्रयोग सुरू केला: जागेवर उपचार केले, किंवा रुग्णाला आपत्कालीन कक्षाऐवजी दुसऱ्या योग्य ठिकाणी नेले, तरी पैसे द्यायचे. सहभाग अपेक्षेइतका न झाल्याने तो २०२३ च्या अखेरीस मुदतीआधीच गुंडाळला गेला. मुख्य नियम आजही तोच आहे, ठरावीक मूळ दर आणि वर मैलागणिक रक्कम. गाडीत हृदयाचे ठोके परत आणणारे हात असतात. हिशेब मात्र चाकांचा होतो.

२५/
आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा धावते. गोव्यात ती त्याआधीच आली. रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत, कारण खर्च शासन करते. तेव्हा वाद होतो तो निविदांचा, गाड्यांच्या संख्येचा, वेळेत पोहोचण्याचा. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींना तिथले मित्र 'शक्य असेल तर टॅक्सीनेच जा' असा सल्ला देतात, त्याचे आश्चर्य वाटते ते यामुळे. तो सल्ला ऐकण्यात धोका आहे: हृदयविकार वा पक्षाघात असेल, तर उपचार गाडीतच सुरू होणे कधी जिवावरचे टाळते.

२६/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून काय घेता येईल? या कहाणीत कोणी एक खलनायक नाही. मेडिकेअरची व्याख्या, परिवहन खात्याची नेमणूक, निवृत्तिवेतनाचा कायदा, विमानाच्या तिकिटांचा कायदा: प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर होता. त्यांची बेरीज मात्र जखमी माणसाच्या टपालपेटीत जाऊन पडली. कायदे वाचताना त्यांचा उद्देश तर पाहावाच. त्यांतले शब्द पुढे कोणाकोणाला लागू झाले, तेही तपासावे.

२७/
राज्यांचे कायदे अपुरे आहेत. एरिसाची भिंत त्यांना ओलांडता येत नाही. तरी मेरीलँडचे उदाहरण समोर आहे. एका छोट्या राज्याने धरलेली कसोटी अठरा-एकोणीस वर्षांत देशभर लागू झाली. रुग्णवाहिकेच्या बाबतीत तसे झाले, तर श्रेय कॅलिफोर्निया, टेक्सस, न्यूयॉर्क यांच्या विधिमंडळांतल्या त्या रुक्ष कलमांना द्यावे लागेल. धागा इथे संपतो. भर घालायची असेल, काही खटकले असेल, तर खाली जरूर लिहा. आणि उपयोगी वाटला तर पुढे पाठवा.